सात मैदानात, पाच बाकावर. यादी कोणाच्या खिशात?

फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की पेणच्या बाजारपेठेत आणि रोह्यात कुंडलिकेच्या काठी रात्री उशिरापर्यंत पोरांची संसद भरते. कोण आत, कोण बाहेर, बदली खेळाडू कितव्या मिनिटाला उतरवायचा, यावर हमरीतुमरी होते. २०२२ च्या कतार विश्वचषकात बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात पोर्तुगालच्या प्रशिक्षकाने खुद्द रोनाल्डोला राखीव बाकावर बसवले. त्याच्या जागी उतरलेल्या २१ वर्षांच्या गोन्सालो रामोसने तीन गोल केले आणि स्वित्झर्लंडचा ६-१ असा धुव्वा उडाला. पुढच्या सामन्यातही रोनाल्डो बाकावरच होता. उत्तरार्धात त्याला उतरवले, पण मोरोक्कोने पोर्तुगालला १-० असे घरी पाठवले. निर्णय एकदा फळला, एकदा फसला. परंतु दोन्ही वेळा प्रशिक्षकाला जगाच्या पत्रकारांपुढे बसून जाब द्यावा लागला.

आता याच पोरांना दुसरा प्रश्न विचारून पाहा. आपल्या मातीतला खेळ कबड्डी. भाताची कापणी झाली की खारेपाटातल्या शेतात क्रीडांगणे आखली जातात आणि दिव्यांच्या झोतात रात्र रात्र सामने चालतात. या खेळात जिल्ह्याचा बारा जणांचा संघ कोण निवडतो? कोणत्या कसोटीवर? गेल्या निवड चाचणीत कोणाला किती गुण पडले? रोनाल्डो बाहेर का बसला हे ज्यांना पाठ आहे, त्यांना शेजारच्या वाडीतला चढाईपटू यादीबाहेर का राहिला हे सांगता येत नाही. कारण ते कोणी सांगितलेलेच नसते.

कबड्डीचा संघ बारा जणांचा. सात मैदानात, पाच राखीव. बाद फेरीत पुढची संधी नसते. चाळीस मिनिटांत घरी जायचे की पुढे जायचे याचा निकाल लागतो. डावा कोपरा दुखावला, मुख्य चढाईपटू दोनदा बाद होऊन बाहेर बसला, की त्या पाचांतला कोण उतरतो यावर सामना फिरतो. इथे राखीव खेळाडूला कमी प्रतीचा कोणी म्हणत नाही. संघाची खरी ताकद त्या बाकावर कळते, असेच जाणकार सांगतात. राखीव हा शब्द मैदानावर मानाचा. शाळा-कॉलेजात आणि नोकरीत मात्र तोच शब्द शिवीसारखा फेकला जातो! असो.

निवडीचा प्रश्न किती गंभीर आहे हे २०१८ साली साऱ्या देशाने पाहिले. एशियाडमध्ये १९९० ला कबड्डी आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताची. २०१८ ला जकार्तात साखळीत दक्षिण कोरियाने २४-२३ असे हरवले आणि उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी महिलांचा संघही अंतिम सामन्यात इराणकडून २७-२४ ने हरला. त्या इराणी महिलांच्या प्रशिक्षक कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! जी बाई परक्या देशाला सुवर्ण मिळवून देऊ शकते, ती आपल्या निवडकर्त्यांना घरात असताना दिसली नाही.

पराभव झाला म्हणून निवड चुकली असे म्हणणे बरोबर नाही. इराण चांगला खेळला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण प्रकरण पराभवाच्या आधीच दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. संघनिवडीत वशिला आणि पैसा चालला असा आरोप याचिकेत होता. त्यावर न्यायालयाने कधी न ऐकलेला आदेश दिला. एशियाडचा संघ परतल्यावर १५ सप्टेंबर २०१८ रोजी त्याने डावलल्या गेलेल्या खेळाडूंशी सामना खेळावा! त्या दिवशी डावललेले खेळाडू मैदानात हजर झाले. निवडलेला संघ फिरकलाच नाही. त्याच सुमारास न्यायालयाने कबड्डी महासंघाच्या अध्यक्षपदाची आणि तहहयात अध्यक्षपदाची नेमणूक रद्द करून प्रशासक बसवला. १९८४ पासून जवळजवळ तीन दशके अध्यक्षपद जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे होते. त्यानंतर ते त्यांच्या पत्नीकडे गेले. वतनदारी कायद्याने संपली असे आपण समजतो. ती खेळाच्या महासंघात जिवंत होती.

पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला पुरुष संघाने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्ण परत आणले. त्या बारा जणांत महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते याचा आनंदच आहे. परंतु पदक परत आले म्हणून प्रश्न मिटत नाही. हरल्यावर निवड वाईट आणि जिंकल्यावर चांगली, हा हिशेब जुगाऱ्याचा झाला. निवड न्याय्य होती की नाही, हे सामन्याच्या आधीच तपासता आले पाहिजे.

निवड कशी असावी याचा दाखलाही त्याच जकार्तातला आहे. १९६२ च्या एशियाडमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्या काळी आंतरराष्ट्रीय सामन्यात बदली खेळाडूची सोय नव्हती. विश्वचषकात ती १९७० ला आली. म्हणजे एकदा उतरवलेले अकरा तेच शेवटपर्यंत. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला साखळी सामन्यात टाके पडले होते. रहीम यांनी त्यांना बाहेर बसवण्याऐवजी आघाडीला उभे केले. अंतिम सामन्यात आजारातून उठलेले पीटर थंगराज यांना गोलात घेतले. दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला आणि त्यांतला एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. पंजाबचे जर्नेलसिंग, बंगालचे चुनी गोस्वामी, हैदराबादकडचे तुलसीदास बलराम हे सारे त्या एका संघात होते. माणूस कुठला हा प्रश्न मागे पडला. आज त्याच्याकडून काय होईल, हा प्रश्न पुढे आला. गुणवत्ता म्हणतात ती हीच.

पण गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या या देशाने गुणवत्तेचे काय केले याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातला आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. हिंदू संघाला त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, पण चहा त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. आणि कर्णधारपद? ते तर वर्षानुवर्षे दिलेच नाही. १९२० साली चौरंगी सामन्यांसाठी बाळूंनाच संघाबाहेर काढले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हे दोघे निवडलेले असूनही संघातून बाहेर पडले आणि का बाहेर पडलो हे त्यांनी जाहीर निवेदनाने सांगितले. निवड समितीला नमावे लागले. बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. १९२३ ला तर विठ्ठल यांच्या नेतृत्वाखालीच हिंदू संघ विजयी झाला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हे चळवळ विसरलेली नाही. परंतु त्यामुळे १९२० चा धडा खोटा ठरत नाही.

तो धडा असा. डावललेला माणूस एकटा ओरडला तर त्याला रडका म्हणतात. निवडलेला माणूस त्याच्याबरोबर उभा राहिला की निवडकर्त्याच्या पायाखालची जमीन हलते. १९२० ला निवडलेले दोघे डावललेल्यासाठी बाहेर आले. २०१८ ला निवडलेला संघ डावललेल्यांसमोर आलाच नाही. या अठ्ठ्याण्णव वर्षांत आपण पुढे गेलो की मागे? खेळाडूंना शिव्या देऊन भागणार नाही. त्यांचे शिबिर, त्यांची पुढची निवड आणि त्यातून मिळणारी नोकरी ही सारी दोरी ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध उभे राहणे सोपे नाही. म्हणूनच ती दोरी एका हातात राहता कामा नये.

आता आपल्या दाराशी येऊ. समजा पेण तालुक्यातल्या एखाद्या कातकरीवाडीतली किंवा रोह्याजवळच्या बौद्धवाडीतली मुलगी उत्तम पकड करते. चाचणीची तारीख तिला आदल्या रात्री कळते. एसटीचे भाडे उसने घ्यावे लागते. सराव आयुष्यभर मातीवर आणि चाचणी मॅटवर. मॅटचे बूट तिच्याजवळ नाहीत. तिथे दहा मिनिटे खेळवून ‘नंतर कळवू’ म्हणतात. ते कधीच कळत नाही. राज्याच्या संघाचा रस्ता जिल्ह्यातून आणि देशाच्या संघाचा रस्ता राज्यातून जातो. पहिल्याच वळणावर ती गळाली तर दिल्लीतल्या न्यायालयाला तिचे नावसुद्धा कळणार नाही.

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघाच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला असाव्यात, वादांसाठी न्यायाधिकरण असावे, अशी त्यात तरतूद आहे. स्वागत आहे. पण त्या खुर्च्यांवर वाडी-वस्तीतून वर आलेली खेळाडू बसेल की पुन्हा कोणाची तरी सौभाग्यवती, हे आपल्या जागेपणावर ठरेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निवड चाचणीची तारीख पंधरा दिवस आधी प्रत्येक शाळेत आणि मंडळात पोचली पाहिजे. चढाई-पकडीचे गुण त्याच संध्याकाळी मैदानावर फळ्यावर लागले पाहिजेत. ज्याचा नातलग चाचणीला उभा आहे त्याने निवड समितीतून उठले पाहिजे. सात कोण, पाच कोण आणि बाहेर कोण, याचे कारण लेखी मिळाले पाहिजे. आणि ही शिस्त आधी आपल्या घरात हवी. भीमजयंतीच्या सामन्यांत मंडळाच्या अध्यक्षाचा मुलगा विनाचाचणी सातात असेल, तर आपण कोणत्या तोंडाने महासंघाला जाब विचारणार?

याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले. तळे सर्वांचे आहे हे कागदावर आधीच लिहिले होते. ते हाताने सिद्ध करावे लागले. संघही सर्वांचा आहे असे कागदावर लिहिलेले आहे. उद्याच्या चाचणीत ज्या पोरांची नावे यादीत लागतील, त्यांनी मैदान सोडण्यापूर्वी एवढेच विचारावे : आमच्यापेक्षा सरस खेळलेली ती मुलगी यादीत का नाही?