डबीवरचा खोटा आकडा : घरगुती सनस्क्रीनबाबत कासारवाडीकरांना जाहीर आवाहन

घरगुती सनस्क्रीन म्हणजे बहुतेक वेळा खोबरेल, मेण आणि कोरफडीचा गर यांत झिंक ऑक्साइडची पूड कालवून केलेले मलम. ऊन तापू लागले की कासारवाडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर त्याच्या कृती फिरतात. त्यावर कडी म्हणजे जुन्या क्रीमच्या डब्या धुऊन, वर ‘केमिकल-फ्री, एसपीएफ ५०’ अशी चिठ्ठी डकवून विक्रीही होते. हा ५० आला कुठून, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, अंदाजाने ठरत नाही. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम थर देऊन, किती अतिनील किरणांनी ती लाल होते हे मोजावे लागते. एसपीएफ १५ अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० सुमारे ९७ टक्के. खोबरेलाचा एसपीएफ सात-आठ असल्याचा दाखला हमखास दिला जातो. तो आकडा रायपूरच्या २०१०च्या संशोधनातला, तेल अल्कोहोलात मिसळून यंत्राने मोजलेला; माणसाच्या त्वचेवरचा नव्हे.

झिंक ऑक्साइड किरणे अडवते हे खरे, आणि लोक फसतात ते तिथेच. वितळलेल्या मेण-तेलात पूड टाकून चमच्याने ढवळली की मलम पांढरेशुभ्र दिसते. पण पूड बारीक गुठळ्यांनी राहते, थोडी तळाशी बसते. मग एका गालावर थर दाट, दुसऱ्यावर नावापुरता. मोजमापाशिवाय माल पास होत नाही, हे पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीला तरी सांगावे लागू नये!

लिंबू घातलेल्या कृती तर घातकच. त्यातली द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचा भाजतात, फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. कोरफडीच्या ओल्या गराला बुरशी धरते, ती वेगळीच.

‘आमच्या आज्या काय लावत होत्या?’ हा प्रश्न ठरलेला. आज्या डोक्यावरून पदर घेत होत्या आणि भर बाराला नाशिक फाट्याच्या सिग्नलला स्कूटरवर ताटकळत नव्हत्या. या वादात वेळ घालवण्याचे कारण नाही.

सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवाना लागतो. पापड, कुरडया, मसाल्यांवर नाव कमावलेल्या बचत गटांनी ते नाव अशा डबीवर घालवू नये. हे आवाहन करणाऱ्या महिला गटाच्या मालाकडे आजवर कोणी बोट दाखवलेले नाही, आणि त्याचे नाव या डबीवर कधीच येणार नाही.

एसपीएफचा दावा करणारी घरगुती डबी विकत घेऊ नये, विकू नये, कृती पुढे पाठवू नये. मेच्या मध्यास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अकरा ते तीन शक्यतो सावली धरावी. स्कार्फ, सनकोट, छत्री, रुंद काठाची टोपी वापरावी. घरी करायचेच असेल तर सुती सनकोट शिवावा. रस्ता झाडणाऱ्या, भाजी विकणाऱ्या भगिनींना तो आधी मिळावा. सनस्क्रीन घेताना परवाना क्रमांक, बॅच व मुदत पाहावी. चेहरा-मानेला दोन बोटे भरून लावावे, दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीच द्यावी.

चट्टे उठले असतील तर डबी फेकू नये. सोबत घेऊन वायसीएम रुग्णालयात दाखवावे. विक्रेत्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करावी.