उचल आणि शाळा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटककडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. तिच्यावर टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाआधीच चढलेली असते. तोडणीत ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. मुले सोबत गेली की पाच-सहा महिने शाळा बुडते आणि कोवळ्या हातांत कोयता येतो. कर्जापेक्षा कोयत्याचा हा वारसा अधिक क्रूर आहे. तो तोडण्यासाठीच कारखान्यांवरच्या साखरशाळा आणि गावांतली हंगामी वसतिगृहे निघाली. 2021 मध्ये राज्य सरकारने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली. मात्र घर उचलीवरच चालत असेल, तर गावी राहून शिकलेल्या मुलालाही दहावीनंतर उसाच्या फडातून बोलावणे येते. वसतिगृहाइतकीच निकड बचत गटाच्या स्वस्त कर्जाची, विम्याची आणि तोडणीच्या रास्त दराची आहे.