जमीन कुणाच्या नावावर?

घरात शेतीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हा. अमेरिकेतल्या एका परगण्यात पंजाबी शेतकऱ्यांना हाच प्रश्न तीस-पस्तीस वर्षे छळत होता.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोला खेटून इम्पीरियल काउंटी आहे. मुळात हे वाळवंट. वर्षाकाठी पाऊस जेमतेम तीन इंच. १९०१ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आले आणि वस्ती वाढू लागली. १९०५ मध्ये अख्खी नदीच कालव्यात घुसली. ती १९०७ मध्ये आवरली, तोवर साल्टन नावाचा मोठा तलाव तयार झाला होता.

१९१० च्या सुमारास तिथे पंजाबी आले. बहुतेक शीख, काही मुसलमान आणि थोडे हिंदू. गोऱ्यांच्या लेखी मात्र सगळेच ‘हिंदू’! कापूस, खरबूज, लेट्यूस ही त्यांची पिके. खंडाने जमीन घेऊन त्यांनी ती कसली.

पण १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना जमीन घेता येईना. १९२० मध्ये खंडावरही बंदी आली आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. मग कागदावर एखाद्या गोऱ्या ओळखीच्याचे नाव, आणि घाम यांचा. नुसत्या भरवशाचा कारभार. पुढे तिथेच जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या आपल्या मुलांच्या नावे त्यांनी जमिनी केल्या.

ही मुले कुणाची? गावाकडून बायको आणणे कायद्याने जवळपास अशक्य, गोऱ्या बाईशी लग्नाला मनाई. म्हणून कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी संसार मांडले. आम्हाला खरे कौतुक त्या बायकांचे. मक्याची पोळी थापणारे हात गव्हाची रोटी लाटायला शिकले. बाप दिवसभर शेतात, त्यामुळे मुले स्पॅनिश बोलू लागली आणि बहुतेक आईच्या चर्चमध्येच वाढली. नाव स्पॅनिश, आडनाव खान. मनातून बापाला काय वाटत असेल, ते आम्ही सांगायला नको.

१९४६ मध्ये नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला आणि स्वतःच्या नावे जमीन घेता येऊ लागली. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. ज्यांचे गाव जालंधर-होशियारपूरकडे होते, त्या मुसलमानांचे आप्त घरेदारे, शेते सोडून सरहद्दीपलीकडे गेले.