डिक्की की हौदा?



कापसाचे चार पैसे हातात आले की घरात गाडीचा विषय निघतो. पोरगा म्हणतो, वापरलेली डिझायर घेऊ. बाप म्हणतो, तेवढ्याच पैशात जुना पिकअप बघू. या भांडणात आम्ही बापाच्या बाजूने आहोत, पण डोळे झाकून नाही.

डिझायरच्या डिक्कीत ज्वारीची दोन पोती कशीबशी कोंबता येतील. कापूस येणार नाही. आणि आपल्याकडे वाहन नाही हे ठाऊक असते म्हणूनच खेडा खरेदीवाला दारात येऊन भाव पाडतो, वर काट्यातही मारतो. 2025-26 साली लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये होता. सीसीआयच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, 12 टक्क्यांपर्यंत कपात होते, त्यापुढे माल परत. कापूस चार दिवस वाळवून आपल्या सवडीने तिथे नेता आला आणि क्विंटलमागे 500 रुपये जरी वाचले, तरी 25 क्विंटलचे साडेबारा हजार होतात.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. पाच एकर कोरडवाहूचा हा सगळा कापूस तीन-चार खेपांत संपतो. मग पिकअप वर्षभर गोठ्याशेजारी उभा. विमा भरायचाच, शिवाय मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. खासगी कारला 15 वर्षे ती कटकट नाही. म्हणून पिकअप चार-पाच घरांनी मिळून घ्यावा आणि भाड्याचा हिशेब वहीत लिहावा. परवान्याची भीती नको. 7500 किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले आहे.

गाडी बघताना रंग बघू नका, खाली वाका. चेसीला वेल्डिंग असेल, पाटे बसलेले असतील, तर तिने वाळू वाहिली समजा. आणि हौद्यात वऱ्हाड भरू नका. मालासोबत बसलेला मालाचा धनी विम्यात येतो, वऱ्हाडी येत नाहीत.

रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला कारच बरी, हे पोराचे म्हणणे खरे आहे. त्याला ती घेऊ द्या, पण कर्ज काढून नको. आणि चार घरांचे जमत नसेल तर पिकअपही विकत घेऊ नका. हंगामापुरता भाड्याने लावा.