सरकारी सोडत

साजगांवच्या कार्तिकी यात्रेंत गरीब माणूस चार पैसे खर्चितो, तेव्हां घरीं परततांना त्याच्या पिशवींत सुक्या बोंबलांची बेगमी असते. १९६९ सालीं सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचें तिकीट घेणाऱ्या बहुतेकांच्या हातीं मात्र कागदच उरतो. १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्यान्वयें पत्त्यांवर पैसे लावणाऱ्यास पोलीस धरितात. त्याच कायद्यानें जुगाराच्या व्याख्येंतून लॉटरी वगळावी, हें विपरीत होय. ती बंद करावी, या सूचनेस आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. बंदीनें चोरटा मटका फोफावेल, असें कित्येक म्हणतात; पण पालकहो, लॉटरी असतांही मटका कोठें थांबला? तामिळनाडूनें २००३ सालीं बंदी घातलीच. तिकिटें विकणाऱ्यांच्या पोटाची सोय मात्र आधीं व्हावी. त्यांत कित्येक अपंग बंधू आहेत.