नकाशातली अमेरिका : खुंट्यांचं मैदान

या वेळी जाऊया टेक्सासच्या पश्चिम टोकाला. टेक्सास आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांत पसरलेलं हे सपाट पठार 30,000 चौरस मैलांहून मोठं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढं. नाव यानो एस्टकाडो. उतार मैलाला जेमतेम 10 फूट, म्हणजे डोळ्याला न कळणारा. आय-40 महामार्गावर अमरिलो आलं की मागच्या सीटवरून हमखास ऐकू येतं, 'इथे तर काहीच नाहीये!'

1541 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या स्पॅनिश सरदार कोरोनादोलाही तसंच वाटलं. समुद्रात असावं तशी इथे कसलीच खूण नाही, असं त्यानं राजाला कळवलं. एवढी माणसं, एवढी जनावरं चालून गेली तरी गवत पुन्हा उभं राहायचं आणि माग पुसला जायचा. मागून येणाऱ्यांना वाट कळावी म्हणून बायसनची हाडं आणि शेण यांचे ढीग रचावे लागले.

'यानो' म्हणजे मैदान, 'एस्टकाडो' म्हणजे खुंट्या रोवलेलं. प्रवासी परतीच्या वाटेसाठी खुंट्या ठोकत गेले, अशी कथा तिथे सांगतात. दुसरं मत असं, की पठाराच्या कडा खालून लाकडी तटासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. कोकणातून सह्याद्रीचा कडा पाहिलेल्यांना हे मत पटेल.

खुणा नव्हत्या असं मात्र नाही. इथे हजारो उथळ, गोल तळी आहेत. पावसात भरतात, एरवी कोरडी. त्यांना 'प्लाया' म्हणतात. कोणत्या तळ्यात, कोणत्या झऱ्यावर कधी पाणी असतं, हे कोमांचे लोकांना ठाऊक होतं. 1877 च्या जुलैत त्यांच्या मागावर निघालेल्या घोडदळाला ते ठाऊक नव्हतं. सैनिकांनी सुमारे 86 तास पाण्याविना काढले, घोड्यांचं रक्त पिऊन तहान भागवायचा प्रयत्न केला. चार सैनिक आणि एक शिकारी दगावले.

त्याहून जुनी गोष्ट मस्टँग स्प्रिंग्जची. सहा-सात हजार वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला, झरा आटला, तेव्हा लोकांनी तळ्याच्या कोरड्या पात्रात हातांनी विहिरी खणल्या. पाणी खाली गेलं, तशी माणसंही त्याच्या मागे खाली गेली.

आज तेच चाललं आहे, फक्त पंपानं. पठाराखाली ओगालाला नावाचा प्रचंड जलसाठा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यावर पंप बसले आणि लबकच्या आसपास देशातला एक मोठा कापूसपट्टा उभा राहिला. पण हे पाणी हजारो वर्षांत साठलेलं आहे. ते पुन्हा भरतं ते मुख्यतः त्या प्लायांमधून झिरपून, अगदी सावकाश. उपसा त्याहून कितीतरी जास्त आहे. काही भागांत बागायती शेतं पुन्हा कोरडवाहू झाली आहेत.

मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांना यात नवं काही नाही. विहीर आटली म्हणून बोअर, ती आटली म्हणून आणखी खोल बोअर, हे आपण गावी पाहिलं आहे. इथे आपण नळ सोडतो आणि विसरतो, एवढाच फरक.

मुलांनो, या दिवाळीत आजी-आजोबांना फोन केलात की एक प्रश्न जरूर विचारा : गावच्या विहिरीला तेव्हा किती परस पाणी होतं आणि आता किती आहे? एक परस म्हणजे साधारण उभ्या माणसाएवढी खोली. उत्तर वहीत लिहून ठेवा.

आणि हिवाळ्यात तिकडे जाणं झालंच, तर मुलशू अभयारण्यात थांबा. पाणी असलं की त्या 'काहीच नाही'वाल्या तळ्यांवर क्रौंच पक्ष्यांचे थवेच्या थवे संध्याकाळी उतरतात.