लांबलेली रात्र

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघालेल्या आईचे तिकीट काढताना घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात : अंतर किती आणि वेळ किती? आई चउविहार करणारी असेल तर तिसराही विचारावा : वाटेत सूर्य कोठे असेल?

मुंबई ते न्यूयॉर्क हे थेट अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. मुलांच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो सरळ पश्चिमेस न जाता उत्तरेकडे चढतो आणि रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड यांवरून खाली उतरतो. वारे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे प्रत्यक्ष मार्ग बदलतो, ते निराळे. जाताना सुमारे 16 तास लागतात, येताना 14. कारण उंचावरील वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

खरा हिशेब यापुढचा आहे. जानेवारीत मुंबईहून रात्री दोनला निघालेले विमान 16 तासांनी उतरते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेचे सकाळचे साडेसात झालेले असतात. पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने आपण जात असल्यामुळे पहाट पुढे पुढे सरकत राहते; उतरता उतरता कोठे तांबडे फुटते. आदल्या सायंकाळी मुंबईत सूर्यास्तापूर्वी घेतलेले पाणी, आणि त्यानंतरचे न्यूयॉर्कच्या सूर्योदयावर 48 मिनिटे गेल्यावर, नवकारसी पारून! मधले अंतर 24 तासांहून अधिक. रोजचा चउविहार नकळत निर्जळ उपवास होऊन बसतो. जूनमध्ये मात्र याच विमानातून काही तासांतच सूर्य दिसू लागतो, कारण उत्तरेत तेव्हा रात्र अगदी लहान असते.

1893 साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस बोटीने गेले. बोटीवर सूर्य रोज उगवे आणि रोज मावळे. हा पेच तेव्हा नव्हता.

विमानातील हवा फार कोरडी असते, आणि तासन् तास बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर निर्जळ प्रवासाचा निर्णय विमानात घेण्याचा नव्हे. तिकिटापूर्वीच महाराजसाहेबांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारावे. माझे मत विचाराल तर हिवाळ्यात सकाळी निघून युरोपात थांबणारे विमान घ्यावे. वेळ अधिक जातो, भाडेही कधी अधिक पडते, परंतु दुपारचे जेवण उजेडात होते.

परतीचा हिशेब उलटा. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघाल्यास दोन-तीन तासांतच सूर्य मावळतो. जैन जेवण आधी नोंदवलेले असले तरी ते लवकर आणून देण्यास चढताच सांगावे, आणि खाकरा हाताशीच्या पिशवीत ठेवावा.

तिकिटावर निघण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. तिच्याखाली दोन्ही गावांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मुलाने पेनने लिहून द्याव्यात, म्हणजे शेजारच्या प्रवाशाला उठवून विचारण्याची वेळ आईवर येत नाही.